गुळाचा डबा आणि साडेचार वर्षांचं पोरगं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या एका आईचा मुलगा साडेचार वर्षांचा, इंग्रजी माध्यमाच्या ज्युनिअर केजीत जातो. डायरीत शेरा आलाय, 'लिखाणात मागे, घरी सराव घ्या.' संध्याकाळी वही काढली की रडारड. सासूबाईंचं म्हणणं, दोन दणके बसल्याशिवाय अभ्यास येत नसतो. समोरच्या घरातली त्याच्याच वयाची मुलगी म्हणे धडाधड वाचते. मिस्टर शिरोली एमआयडीसीत शिफ्टला. त्यांना विचारायचंय की पोराला वाचायची गोडी लागेल असं घरात काय करता येईल, आणि सुरुवात कुठून करायची.

ताई, सुरुवात वही मिटण्यापासून करा. महिनाभर तरी ती कपाटात राहू दे. तुमच्या पोराला वाचनाचा कंटाळा आलेला नाही, त्याला वाचन अजून भेटलेलंच नाही. त्याला भेटलंय ते गिरवणं. ही दोन वेगळी कामं आहेत. वाचन कानातून आणि मांडीवर बसून येतं, लिखाण बोटांतून. बोटं तयार नाहीत म्हणून आपण वाचनाचंही दार लावून घेतो, आणि वर म्हणतो पोरगं अभ्यासात कच्चं आहे.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, चूक करून सांगते. बालवाडीत आणि पहिली-दुसरीच्या वर्गांत मिळून 32 वर्षं काढली, पण पहिली चूक घरातच केली. माझा थोरला चार वर्षांचा असताना रोज एक पान 'अ' लिहून घ्यायची. शिक्षिकेचा मुलगा, मागं कसा राहील? एके दिवशी वही हरवली. नवी आणली, तीही हरवली. दिवाळीच्या साफसफाईला ज्वारीचं पिंप रिकामं केलं तर तळाशी दोन्ही वह्या. तेवढ्या जड पिंपाचं झाकण त्यानं कसं उघडलं असेल, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. वर्गातल्या चाळीस पोरांकडं मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले ते त्या दिवसापासून.

आता कानाचं. अक्षर दाखवण्याआधी आवाज सुटे करून ऐकता आले पाहिजेत. हे काम स्वयंपाक करता करता होतं, वेगळा वेळ लागत नाही. 'रंकाळा' म्हणताना टाळ्या वाजवा, रं-का-ळा, तीन. 'को-ल्हा-पूर', तीन. आजीचं नाव, बाबांचं नाव, शेजारच्या कुत्र्याचं नाव. मग खेळ वाढवा. 'मला एक गोष्ट दिसतीय, ती प नं सुरू होते.' पोळपाट, पातेलं, पाणी, पंखा. त्याला उलटं राज्य घेऊ द्या, तुम्ही मुद्दाम चुका. 'प नं चमचा?' असं विचारलं की तो ओट्यावर हात आपटून हसेल, आणि त्या हसण्यात 'प' आणि 'च' वेगळे आहेत हे त्याला कळलेलं असतं. शेवटच्या आवाजाचा खेळ जरा अवघड, तो महिनाभरानं. पुढं भेंड्या त्यावरच उभ्या राहतात.

या खेळात एक गंमत लक्षात ठेवा. आपल्या मराठीत च एकच लिहितो पण बोलतो दोन. चमच्यातला च दाताजवळचा, चहातला टाळूजवळचा. 'चिंच' या एवढ्याशा शब्दात तर दोन्ही आहेत, पहिला एक आणि शेवटचा दुसरा. ज आणि झ यांचंही तेच, जीभ आणि जाळी, झेंडा आणि झाड. पोरगं म्हणालं की 'चमचा आणि चहा सारखे सुरू होत नाहीत,' तर त्याला गप्प करू नका. त्याचा कान तुमच्यापेक्षा तिखट आहे. 'ऐकायला दोन, लिहायला एक,' एवढं सांगितलं की पुरतं.

मग अक्षरं. तक्त्यावरच्या क्रमानं अ आ इ ई पासून ज्ञ पर्यंत जायची काही गरज नाही. 'अननस' आणि 'ज्ञानेश्वर' यांच्यामध्ये पोरगं दमून जातं, शिवाय ङ आणि ञ यांनी सुरू होणारा रोजचा शब्द तक्ता छापणाऱ्यालाही सापडत नाही. पहिलं अक्षर त्याच्या स्वतःच्या नावाचं. ते दाराला, डब्याला, कपाटाच्या कप्प्याला चिकटवा. मग डबे. जुन्या लग्नपत्रिका घरात पडलेल्याच असतात, कागद जाड, पाठ कोरी. त्यांच्या पट्ट्या कापून ठळक अक्षरात लिहा, मीठ, रवा, पोहे, गूळ, आणि डब्यांवर लावा. एकाच दिवशी सगळे नकोत, आठवड्याला दोन.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, आजोबांचं गुऱ्हाळ होतं. तक्त्यावरचं एक अक्षर ओळखायची नाही. तिच्या आईला मी डब्यांचं सांगितलं. पंधरा दिवसांनी पोरीनं फडताळातून बरोबर गुळाचा डबा काढला. आईला वाटलं जागा पाठ झाली असेल, म्हणून तिनं डबा हलवून साखरेशेजारी ठेवला. तरी पोरीनं तोच काढला. वर्गात विचारलं तर म्हणाली, 'त्याला शेवटी जिलबीसारखं आहे की.' म्हणजे ळ. ळ नं सुरू होणारा शब्द नाही म्हणून आपण ते अक्षर सगळ्यात शेवटी शिकवतो, आणि हिनं ते पहिलं उचललं, कारण त्याच्या आत गूळ होता.

चार-पाच शब्द असे चेहऱ्यानं ओळखीचे झाले की अक्षरं सुटी करायला घ्या. माझा अनुभवाचा क्रम असा. म, न, क, ब, र ही पाच अक्षरं आणि एक काना. एवढ्यावर काय काय होतं बघा: मामा, काका, बाबा, नाना, कान, नाक, मान, मका, काम, बारा, मन, कमान, बकरा. अख्खं घर झालं, चेहरा झाला आणि कोल्हापुरात असल्यामुळं रविवारचं जेवणही झालं. पाच पट्ट्या आणि कान्याची एक बारीक पट्टी करून फरशीवर पसरा. 'कान' च्या पट्ट्या अदलाबदल करून 'नाक' झालं की पोरांना ती जादू वाटते. एकानं तर स्वतःचा कान आणि नाक धरून वर्गभर उड्या मारल्या होत्या. आकाराच्या भावकीनं शिकवायची जुनी ग म भ न ची रीतही चांगली, पण ती हाताला सोयीची, लिहायच्या वेळी उपयोगी. वाचताना उलट म आणि भ एकाच दिवशी दिलात तर गोंधळ होतो.

इथं एक अडचण येणारच, ती आधीच सांगते. पोरगं 'ब', 'क', 'रा' असं तिन्ही बरोबर वाचेल आणि तुमच्या तोंडाकडं बघत बसेल. शब्द कळलेला नसतो. याचं कारण आपल्या लिपीत आहे. सुटं 'क' म्हणताना त्यात अ असतो, पण बोलताना आपण 'बक्रा' म्हणतो, तो अ गिळून टाकतो. तसंच 'कान' मधला न. त्यामुळं 'अरे, तीन अक्षरं वाचलीस, आता शब्द सांग की!' असं ओरडू नका. तुम्ही स्वतः अक्षरं हळूहळू जवळ आणत म्हणा, ब... क... रा, ब-क-रा, बकरा. दहा-बारा शब्द तुम्ही जुळवून दिले की अकरावा-तेरावा तो जुळवतो. ज्या पोराची बाराखडी खडखडीत पाठ आहे पण शब्द वाचता येत नाही, त्याचं इथंच अडलेलं असतं. बाराखडी म्हणणं हे गाणं आहे, वाचन नव्हे. खात्री करायची तर मधल्याच 'कु' वर बोट ठेवून विचारा. पुष्कळ पोरं मनातल्या मनात 'क का कि की' म्हणत तिथवर येतात.

एवढं झालं की घराबाहेर पडा. 2022 साली दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानंतर लहानमोठ्या सगळ्याच दुकानांची पाटी देवनागरीत आणि बाकीच्या लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असावी लागते. म्हणजे महाद्वार रोड हा तुमच्यासाठी फुकटात लांबलचक तक्ताच झाला. पापाची तिकटी हे नाव तर जणू बालवाडीसाठीच ठेवलंय, पहिल्या दोन घरांत पा-पा. माझ्या एका विद्यार्थ्यानं तिथली पाटी बघून रस्त्यातच ओरडून विचारलं होतं, 'आई, पप्पांचं नाव इथं कुणी लिहिलं?' केएमटी बसची पाटी वाचा, 'ही रंकाळ्याला जाते का गंगावेशला?' त्याला ठरवू द्या. चुकला तर चुकू दे, फक्त चुकीच्या बसमध्ये बसू नका म्हणजे झालं.

मिस्टरांना सुट्टीच्या दिवशी पेपर मोठ्यानं वाचायला लावा. सगळा नको, त्यांना आवडतं ते पान. आमच्या मंगळवार पेठेतल्या एका पठ्ठ्याला अक्षरओळख शून्य, पण पेपरातलं 'पाटाकडील' आणि 'दिलबहार' ही तालमींच्या फुटबॉल संघांची नावं तो लांबून ओळखायचा, कारण बाप फुटबॉलवेडा, शाहू स्टेडियमवरची मॅच चुकवायचा नाही. 'पाटाकडील' कापून वहीत चिकटवलं, तिथून पा, टा, का वेगळे केले. दिलबहारचं कात्रण मात्र त्यानं चिकटवू दिलं नाही!

आता पुस्तक, कारण खरी गोडी तिथं लागते आणि घाईही तिथंच होते. रोज रात्री पंधरा मिनिटं, तो मांडीवर किंवा कुशीत, पुस्तक दोघांच्या मध्ये. पानावर ओळ-दोन ओळी आणि मोठं चित्र असलेलं पुस्तक घ्या. तुम्ही वाचा, शब्दाखालून बोट सरकवत. तो तेच पुस्तक वीस रात्री मागेल, तर वीस रात्री वाचा. तुम्हाला कंटाळा येईल, त्याला नाही. चौथ्या-पाचव्या वेळी ओळीतला शेवटचा शब्द तुम्ही सोडून द्या, तो भरेल. पुढं कधीतरी तो एकटाच पुस्तक घेऊन बसेल आणि पानं उलटत सगळी गोष्ट 'वाचेल', कदाचित पुस्तक उलटं धरून. तेव्हा 'हे काय वाचन झालं?' म्हणून हसायचं नाही. पुस्तक डावीकडून उजवीकडे जातं, पान उलटलं की गोष्ट पुढं सरकते, आई जे बोलते ते या काळ्या खुणांत आहे, हे सगळं त्याला समजल्याची ती पावती असते.

आणि एक, वाचता वाचता परीक्षा घेऊ नका. 'हे काय? हा कुठला रंग? हे अक्षर कुठलं?' असं दर पानाला विचारलं तर पोरगं पुस्तक बघून पळायला लागतं, वही बघून पळतं तसंच. त्यापेक्षा थांबा आणि म्हणा, 'आता हा वाघ काय करेल गं बाई!' ते तोंड उघडतंच. तो गोष्ट भलतीकडं नेईल. नेऊ दे.

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. गावात करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून आहे. त्याला बोट धरून घेऊन जा, पुस्तकांनी भरलेली खोली एकदा दिसू दे. मोबाईलवर स्टोरीवीव्हर नावाच्या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट मिळतात, पातळीप्रमाणे लावलेल्या, पहिली पातळी तुमच्यासाठी. छापून, टाचण्या मारून घेतल्या तर आणखी बरं. मोबाईल हातात देऊन एबीसीडीची गाणी लावून देणं मात्र वेगळं. त्यात पोरगं ऐकतं, बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन बघण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितलीय, तीही कमी असेल तेवढी चांगली.

तुम्ही लिहिलंय की 'घरी आम्ही कोल्हापुरी बोलतो, त्याची भाषा बिघडेल का?' अहो, आपल्याकडं बायकासुद्धा 'मी आलो, मी जातो' म्हणतात, मी स्वतः घरात तसंच बोलते. पुस्तकात आई म्हणते 'मी आले.' पोरगं अडखळतं, विचारतं. तेव्हा सांगा, 'आपण असं बोलतो, पुस्तकात असं लिहितात,' बस्स. त्याच्या बोलण्याला चूक म्हटलं की ते पहिल्यांदा बोलणं कमी करतं, आणि जे पोर कमी बोलतं त्याला वाचायलाही उशीर लागतो. त्याची एखादी गोष्ट त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. 'काल बाबानं मला रंकाळ्यावर भेळ दिली, लई तिखट होती.' मोठ्या अक्षरात लिहा, त्याला चित्र काढू द्या, भिंतीला लावा. स्वतःचं वाक्य पोरगं सगळ्यात आधी वाचतं.

लिखाणाचं सांगते, कारण डायरीतला शेरा त्याचा आहे. मनगटात आठ छोटी हाडं असतात. चार-साडेचार वर्षांच्या मुलाचा एक्स-रे काढला तर त्यातली काही अजून दिसतही नाहीत, ती कूर्चेचीच असतात. अशा हाताला चौकटीत चाळीस अक्षरं काढायला लावणं म्हणजे वासराला नांगराला जुंपणं. हाताला कामं द्या. मटार सोलणं, शेंगा फोडणं, मेथी निवडणं, कणकेचा सापही चालतो. बेंदराला मातीचे बैल घरीच करू द्या, कुंभाराकडून माती आणा, शिंगं वाकडी झाली तर झाली. परातीत रवा पसरून त्यात बोटानं 'म' काढायचा, हलवला की पुसला. चुकलेलं दिसतच नाही, म्हणून पोरं घाबरत नाहीत. गच्चीच्या भिंतीवर पाण्यात बुडवलेल्या ब्रशनं हातभर मोठी अक्षरं. खडू, मग जाड पेन्सिल, शेवटी वही. मधूनच अक्षर आरशातल्यासारखं उलटं येईल, सहा वर्षांपर्यंत त्याची काळजी करू नका.

यातलं काहीच माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, आणि मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, शंख-शिंपले, पानं, जे हाताशी असेल ते घेऊन. आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं, तिथंही मुलांच्या स्वतःच्या अनुभवापासूनच शिकणं सुरू व्हायचं. आपण फक्त अंगणाऐवजी ओटा वापरायचा.

आकड्यांचं दोन ओळींत. चपला मोजा, जिने मोजा, चिंचोके वाटा, पण घरात तीनच्या आतलं बाळ असेल तर चिंचोके नकोत, नाकात जातात. पुढं 21 ऐवजी 12 लिहिलं तर रागावू नका. आपण 'एकवीस' म्हणताना एक आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी, त्यात त्याची काय चूक? यावरूनच 2019 ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा केवढं वादळ झालं होतं, आठवत असेल.

इंग्रजीची भीती नको. मराठीत अक्षराचं नाव तोच आवाज, म्हणून खुणेतून आवाज निघतो ही मूळ युक्ती मराठीत लवकर कळते. इंग्रजीत 'डब्ल्यू' या नावात व चा मागमूस नाही. ती युक्ती एकदा हातात आली की दुसऱ्या लिपीतही चालते. शाळा ए-बी-सी बघेल, तुम्ही मराठी बघा.

समोरच्या मुलीचं मनावर घेऊ नका. पण काही गोष्टींकडं मात्र लक्ष ठेवा. हाक मारली तर सारखं 'आँ?' म्हणतो का, कान वरचेवर फुटतो का, टीव्हीजवळ जाऊन बसतो का, अजून पूर्ण वाक्य बोलत नाही का. यातलं काही असेल तर डॉक्टरांकडून कान आणि डोळे तपासून घ्या, पुढच्या वर्षावर ढकलू नका. वाचनातल्या अडचणीचं ठाम निदान मात्र सात-आठ वर्षांच्या आधी सहसा करत नाहीत, त्यामुळं आत्ताच कुणी नाव चिकटवलं तर ते मानू नका.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना कामाला लावा. संध्याकाळी पोथी वाचताना नातवाला शेजारी बसवून ओळीखालून बोट फिरवायला सांगा. दणके देणाऱ्या हाताला तेवढं काम पुरतं. त्यांच्या लहानपणीच्या गोष्टीही त्यांनाच सांगू द्या, त्या तुमच्या पुस्तकांत नाहीत.

आणि डायरीत बाईंना उद्याच उत्तर लिहा. भांडायला नको, त्यांच्या अंगावरही वर्गभर पोरं असतात आणि वरून वह्या तपासणारे असतात. एवढंच लिहा: 'रोज रात्री पंधरा मिनिटं आम्ही त्याला वाचून दाखवतोय. हात तयार होण्यासाठी माती आणि रव्यात अक्षरं काढून घेतोय. वहीतलं लिखाण दिवाळीनंतर सुरू करतो, तोवर वर्गात अर्धं पान झालं तरी चालवून घ्यावं.' खाली तुमची सही, आणि त्याला त्याच्या नावाचं पहिलं अक्षर काढावंसं वाटलं तर शेजारी तेही.